फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका रक्तातून बघताय? या चुका टाळा

केळीची पट्टी मिळाल्यावर रावेरच्या आमच्या मामांनी 'फुल बॉडी' तपासणी करून घेतली. त्यातला सीईए हा ट्यूमर मार्कर (कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारं प्रोटीन) नॉर्मल आला आणि त्याच संध्याकाळी मामांनी बिडीचं नवं बंडल फोडलं. सगळ्यात घातक चूक हीच. गाठ लहान असताना सीईए बऱ्याचदा वाढतच नाही. नॉर्मल आकड्यावर बिडी चालू ठेवू नका.

याच्या उलटही होतं. आकडा जरा वर गेला की घरात रडारड सुरू. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचं सीईए कॅन्सर नसतानाही थोडं वाढलेलं असू शकतं, म्हणून बऱ्याच लॅब त्यांच्यासाठी मर्यादा दर मिलिलिटर रक्तात ५ नॅनोग्रॅमच्या आसपास धरतात, न ओढणाऱ्यांसाठी ३ च्या. असेच आणखी दोन मार्कर आहेत: सीए-१२५ पाळीत किंवा टीबीतही वाढतं, सायफ्रा २१-१ किडनीच्या आजारात. डॉक्टरांनी पुन्हा करायला सांगितलं, तर त्याच लॅबमध्ये करा.

एकट्या मार्करवर विसंबू नका. अमेरिकेतल्या संशोधकांनी या तिघांना प्रो-एसएफटीपीबी हे चौथं प्रोटीन जोडलं, आणि वय व धूम्रपानाच्या हिशोबाबरोबर वाचल्यावर धोक्याचा अंदाज सुधारला. पण तोही अंदाजच: लो-डोस सीटी (कमी किरणांचा सीटी स्कॅन) कोणाचा करावा, हे ठरवायला मदत करणारा. सीटीची जागा रक्त घेत नाही, साधा एक्स-रे तर नाहीच. तिथल्याच ५३ हजारांहून अधिक लोकांच्या चाचणीत (निकाल २०११) एक्स-रेच्या तुलनेत लो-डोस सीटीने फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. शिवाय धोक्याच्या अंदाजाची ती गणितं सिगारेटवर बेतलेली आहेत. आपली बिडी आणि चुलीतल्या कपाशीच्या काड्यांचा धूर त्यांत धरलेला नाही. तो डॉक्टरांना आपणच सांगायचा.

थुंकीतून रक्त पडतंय, तीन आठवडे खोकला हटत नाही? मग मार्करच्या नादी न लागता थेट छातीच्या डॉक्टरांकडे जा. आपल्याकडे असा खोकला टीबी समजून औषधं सुरू होतात. थुंकीत जंतू सापडले नसतील आणि औषधांनी फरकही नसेल, तर सीटीबद्दल आपणहून विचारा.

डॉक्टरांना दाखवायला मामांसाठी मी कागद केला: रोज दोन बंडलं, ३४ वर्षं, पूर्वी टीबी झालेला. खाली मामींचं नाव लिहिलं. त्यांनी बिडीला कधी हातही लावला नाही, पण चुलीपुढे ४० वर्षं.