कॉलेजची पुस्तकं कमी खर्चात: माटुंग्याच्या फूटपाथवर जाण्याआधी आणि गेल्यावर

अ‍ॅडमिशन झाल्या झाल्या अख्ख्या सेमची पुस्तकं एकगठ्ठा घेऊन टाकायची, ही सवय सगळ्यात महाग पडते. त्यातली एक-दोन परीक्षेपर्यंत कोरीच राहतात. पहिले आठ-दहा दिवस नुसती वही न्या. सर-मॅडम कुठल्या पुस्तकातून शिकवतात, गणितं कुठून देतात ते कळलं की मग पैसे काढा.

आधी सिलॅबस

विद्यापीठाच्या वेबसाइटवरून विषयाच्या सिलॅबसची पीडीएफ उतरवून घ्या. शेवटी पुस्तकांची यादी असते. त्यातली रेफरन्सची पुस्तकं विकत घेऊ नका, दोन-चार प्रकरणांपुरती लायब्ररीतून आणा. सिलॅबस कुठल्या वर्षापासून लागू आहे तेही बघा. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीचं पहिलं वर्ष २०२४-२५ पासून बदललं, त्यामुळे त्याआधीच्या सिनियरची पुस्तकं डोळे झाकून घेण्यासारखी नाहीत. जुन्या पुस्तकाची अनुक्रमणिका आणि नव्या सिलॅबसची युनिटं शेजारी ठेवून टिक करा. सहापैकी पाच युनिटं जुळली तर पुस्तक घ्या, उरलेलं एक लायब्ररीच्या प्रतीतून वाचा.

गणित, मेकॅनिक्स, सांख्यिकी यांची जुनी आवृत्ती खुशाल चालते. टॅक्स आणि कायद्याची मात्र नाही. टॅक्सचे नियम बजेटच्या फायनान्स अ‍ॅक्टबरोबर दरवर्षी हलतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यामुळे फौजदारी कायद्याचं त्याआधीचं पुस्तक स्वस्तात मिळालं तरी कलमांचे आकडेच चुकतील. नुसता कायद्याचा मजकूर हवा असेल तर सरकारच्या ‘इंडिया कोड’ साइटवर तो फुकट आहे.

फुकटचं आधी

कॉलेजच्या बुक बँकेत नाव पहिल्याच आठवड्यात द्या. डिपॉझिट भरून सेमभर पुस्तकं मिळतात, पण संच मोजके असतात आणि उशिरा जाणाऱ्याच्या हाती फाटके येतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी समाजकल्याण खात्याच्या पुस्तकपेढीबद्दल ऑफिसात वेगळं विचारावं. कॉलेज ‘एन-लिस्ट’ या ई-लायब्ररी योजनेचं सभासद असेल तर लायब्ररियनकडून लॉगिन घ्या, हजारो ई-बुकं त्यावर वाचता येतात. कॉमर्स आणि आर्ट्सवाल्यांना मुंबई विद्यापीठाच्या दूरशिक्षण विभागाच्या (लोकांच्या तोंडी अजून ‘आयडॉल’च) पीडीएफ उपयोगी पडतात. सीए करणाऱ्यांसाठी सीए इन्स्टिट्यूटचं (आयसीएआय) स्टडी मटेरियल साइटवर मोफत असतं.

फूटपाथवर

उरलेल्या यादीसाठी माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळ किंवा हुतात्मा चौकाजवळच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे जा. लेखक, आवृत्ती, सेम हे कागदावर लिहून न्या. ‘मॅथ्सचं द्या’ म्हटलंत तर समोर जे पडून असेल तेच हातात येईल. छापील किंमत आणि नव्या पुस्तकावर दुकानात मिळणारी सूटही आधी माहीत हवी.

पुस्तक हातात आलं की आधी भाव नको, पानं बघा. साधारण १६ पानांचा एक फॉर्मा (एकत्र छापून दुमडलेला पानांचा जुडगा) असतो, आणि बांधणीत अख्खा फॉर्मा गळतो किंवा दोनदा येतो. म्हणून ९६ नंतर ९७ आहे का, ११२ नंतर ११३ आहे का, असे सांधे तपासा. मग गणिताचं एक पान उघडून घातांक आणि अपूर्णांक वाचा. बारीक आकडे फुटलेले, समास तिरका कापलेला, आकृत्या काळ्याठिक्कर दिसल्या तर ती पायरेटेड प्रत आहे. ती ठेवून द्या. त्यात ३ चा ८ वाचला जातो आणि उत्तर का जुळत नाही हे शोधण्यात रात्र जाते. पावसाळ्यात ताडपत्रीखालची पुस्तकं भिजून वाळलेली असतात: कड फुगलेली, पानं लाटांसारखी, आत कुबट वास. मधली पानं चिकटली असतील तर सोडवताना शाई निघून येते.

भाव करताना पूर्ण संच एकाच ठिकाणी घ्या, तिथेच सवलत सुटते. आणि एक प्रश्न आधीच विचारा: ‘सेम झाल्यावर परत घेणार का, कितीला?’ समजा ६०० चं पुस्तक नवं २० टक्के सवलतीत ४८० ला पडतं. जुनं ३०० ला घेऊन १५० ला परत गेलं तर खर्च १५० चाच. परतीचा आकडा पुस्तकाच्या आतल्या पानावर लिहून घ्या. तोंडी भाव सहा महिन्यांनी दोघांच्याही लक्षात राहत नाही.

विकताना

रेघा मारायच्या त्या पेन्सिलने, हायलायटर नको. विकायची वेळ म्हणजे पुढच्या बॅचला तोच विषय सुरू होण्याआधीचे पंधरा दिवस. कॉलेजच्या ज्युनिअर्सना दिलंत तर दुकानदारापेक्षा जास्त मिळतं, त्यांनाही स्वस्त पडतं. मिनी ड्राफ्टर (इंजिनीअरिंग ड्रॉइंगचं साधन) आणि एप्रनही त्याच गठ्ठ्यात घाला. पण निकाल लागेपर्यंत थांबा. केटी लागली, म्हणजे विषय राहिला, तर तेच पुस्तक जुलैच्या चढ्या भावाने परत घ्यावं लागतं.