एआयच्या नोंदवहीत काय जावं आणि काय जाऊ नये

नुकतीच नोकरीला लागलेली मुलं हल्ली भेटली की एकच तक्रार करतात: काल दिवसभर बसून एआयला सगळा प्रोजेक्ट समजावला, आणि आज सकाळी तोच विचारतोय की डेटाबेस कोणता वापरता. हे असंच असतं, तुमचं काही चुकलेलं नाही. एआयच्या आत उत्तर तयार करणारं जे मॉडेल असतं, त्याला स्वतःची आठवण नसते. तुम्ही एंटर दाबता तेव्हा आतापर्यंतचं सगळं संभाषण दरवेळी नव्याने त्याच्याकडे जातं आणि तेवढ्याच्या आधारावर ते उत्तर देतं. सेशन बंद झालं की पाटी कोरी. त्यामुळे ‘मेमरी’ म्हणून जे काही विकलं, शिकवलं, मिरवलं जातं, ते मुळात एवढंच असतं की पुढच्या सेशनमध्ये कुठलातरी मजकूर मॉडेलपुढे आपोआप ठेवला जातो. तो मजकूर कोणी लिहिला आणि तो खरा आहे का, हे मॉडेलला कळायचा मार्ग नाही. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे जे सांगणार आहे ते सगळं यातूनच येतं.

साधनांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते तुम्हाला एका दुपारी जमेल. क्लॉड कोड, कर्सर, कोपायलट, कोडेक्स ही सगळी कोड लिहायला मदत करणारी एआय साधनं. क्लॉड कोड प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरातली ‘क्लॉड.एमडी’ ही फाइल सेशनच्या सुरुवातीला वाचतो. आतल्या एखाद्या फोल्डरात वेगळी ‘क्लॉड.एमडी’ ठेवली, तर तिथल्या फाइलींवर काम सुरू झालं की तीही वाचतो. कर्सरमध्ये ‘रूल्स’ फोल्डर असतो आणि कोणता नियम कोणत्या फाइलींना लागू करायचा ते ठरवता येतं. कोपायलटसाठीही रेपोमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या कोडच्या साठ्यात, सूचनांची फाइल ठेवता येते. कोडेक्ससह बरीच साधनं ‘एजंट्स.एमडी’ ही सामायिक फाइल वाचतात. हा सामायिक आराखडा डिसेंबर 2025 मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेला. तेव्हा कंपनीने उद्या साधन बदललं तर सगळं लिखाण वाया जाईल, ही भीती बाळगू नका.

याच्या पुढची पायरी म्हणजे एमसीपी, एआयला बाहेरच्या साधनांशी आणि माहितीशी जोडायची सामायिक पद्धत. अँथ्रॉपिकने हा प्रोटोकॉल नोव्हेंबर 2024 मध्ये खुला केला. त्याच्या नमुना सर्व्हरांमध्ये मेमरीचा एक सर्व्हर आहे. तो वस्तू, त्यांचे आपसातले संबंध आणि त्यांच्याबद्दलची निरीक्षणं साठवून ठेवतो. काम छान करतो, पण नवख्या माणसाने सुरुवात तिथून करू नये असं माझं ठाम मत आहे. व्हेक्टर डेटाबेसपासून, म्हणजे अर्थाच्या जवळिकीने मजकूर शोधणाऱ्या साठ्यापासून, तर नाहीच नाही. साधी टेक्स्ट फाइल गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात, राहते, तिचा फरक डोळ्यांनी दिसतो, कोणती ओळ कधी आली ते कळतं. नोंदी बिघडतात तेव्हा हेच कामाला येतं, आणि बिघडतात त्या नक्कीच.

आता खरा मुद्दा.

मी ज्या सॉफ्टवेअरवर काम करतो ते गावोगावच्या दूध संकलन केंद्रांचं आहे. उत्पादक सकाळ-संध्याकाळ दूध घालतो, फॅट आणि एसएनएफनुसार (दुधातले स्निग्धांश सोडून उरलेले घनपदार्थ) दर लागतो, दहा दिवसांनी बिल निघतं. मध्ये एकदा काही उत्पादकांच्या बिलात थोडा थोडा फरक येऊ लागला, काहींचा पैशांत, काहींचा दोन-चार रुपयांचा. तेही सगळ्यांचं नाही आणि दर बिलालाही नाही. असिस्टंटला कोड दाखवला. त्याने पाहिलं की दर फ्लोटमध्ये, म्हणजे किंचित ढोबळ राहणाऱ्या दशांश संख्यांत, साठवलेत आणि म्हणाला, बहुधा राउंडिंगचा प्रश्न आहे. अंदाज अगदी वाजवी होता. कोणत्याही अनुभवी माणसाने पहिल्यांदा तोच केला असता. सेशन संपताना नेहमीची सूचना गेली: आज जे समजलं ते मेमरी फाइलमध्ये लिही. त्याने लिहिलं, “बिलातील फरकाचं मूळ कारण: दर फ्लोटमध्ये आहेत. सर्व रकमा पैशांत, पूर्णांकात साठवाव्यात.”

‘बहुधा’ हा शब्द गळाला. सापळा तो हाच.

दुसऱ्या दिवशी नवं सेशन उघडलं. त्याच्यापुढे पहिली गोष्ट आली ती ही नोंद, आणि ती आता अंदाज राहिलेली नव्हती, प्रोजेक्टची अधिकृत माहिती झाली होती. त्याने इमानेइतबारे रकमा पूर्णांकात आणल्या, टेस्ट लिहिल्या, टेस्ट पासही झाल्या. ते काम वाया गेलं नाही, पैसे फ्लोटमध्ये ठेवूच नयेत. पण त्याने फाइलमध्ये भर घातली: “राउंडिंगची दुरुस्ती केली, टेस्ट पास.” पुढच्या बिलाला फरक पुन्हा आला. मग त्याच्यापुढच्या सेशनने निष्कर्ष काढला की राउंडिंग अजून कुठेतरी शिल्लक असणार. कपातीत शोधलं, उचलीच्या हिशोबात शोधलं, प्रत्येक ठिकाणी थोडं दुरुस्त केलं आणि प्रत्येक वेळी एक नोंद वाढली. आता फाइलमध्ये एकाच अंदाजाला दुजोरा देणाऱ्या कितीतरी ओळी होत्या, आणि त्या सगळ्या त्या पहिल्या ओळीवरून जन्मलेल्या. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, भक्कम पुरावा आहे.

हे इतकं लांबवून सांगतोय, कारण इथे चूक कुठेच ठळकपणे दिसत नाही. एरर येत नाही. मॉडेल खोटं बोलत नाही. प्रत्येक सेशन आपल्यापरीने बरोबर वागतं. फक्त एका सेशनचा तर्क पुढच्या सेशनला माहिती म्हणून मिळतो, आणि दोघांच्या मध्ये तपासणारं कोणी नसतं. माणूस असता तर त्याला आठवलं असतं, “अरे, तेव्हा मी नुसता अंदाज केला होता.” मॉडेलला ते आठवण्याचा प्रश्नच नाही, त्याच्यापुढे फक्त लिहिलेलं वाक्य आहे.

प्रश्न सुटला तो आमच्या टीममधल्या एका सीनियर मॅडममुळे. त्यांनी मेमरी फाइल उघडलीच नाही. फरक आलेल्या नोंदी काढल्या, वेळेनुसार लावल्या आणि विचारलं, “या सगळ्या पहाटे साडेपाचच्या आतल्याच कशा?” आमचा सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतो, आणि भारतीय वेळ तिच्या 5 तास 30 मिनिटं पुढे असते. पहाटे 5:10 ला घातलेलं दूध सर्व्हरच्या घड्याळात आदल्या दिवशीच्या रात्री 11:40 चं ठरतं. बिलाची तारीख केंद्रावरचा माणूस निवडायचा, म्हणून दूध बरोबर तारखेच्या बिलात पडायचं. पण दर निवडताना कोड सर्व्हरची वेळ बघायचा. ज्या दिवशी नवा दर लागू व्हायचा, त्या पहाटे पहिल्या रांगेतल्या उत्पादकांना जुना दर लागायचा. राउंडिंगचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता.

तेव्हापासून आमच्या फाइलमध्ये प्रत्येक नोंदीवर तीनपैकी एक शिक्का असतो: ठरलेलं, तपासलेलं किंवा अंदाज. ‘ठरलेलं’ म्हणजे माणसांनी घेतलेला निर्णय, कारणासकट. ‘तपासलेलं’ लिहायचं असेल तर कशाने तपासलं ते शेजारी हवं, टेस्टचं नाव, कमिट (गिटमधली बदलाची नोंद) किंवा चालवून पाहिलेली क्वेरी. यातलं काहीच नसेल तर तो अंदाज, मग वाक्य कितीही आत्मविश्वासाने लिहिलेलं असो. असिस्टंटला नोंद लिहायची मुभा आहे, पण अंदाजाला तपासलेल्यात फक्त माणूस हलवतो. आणि ज्या बगवर दोन सेशन जाऊनही तो सुटला नाही, त्यासाठी मेमरी फाइल बाजूला काढून एकदा कोरं सेशन उघडायचं. त्याला फक्त लक्षणं द्यायची, आपली मतं द्यायची नाहीत. मेमरी जपण्याइतकंच ती गरजेला बाजूला ठेवता येणंही महत्त्वाचं आहे, आणि हे कोणत्याही ट्यूटोरियलमध्ये मला ठळकपणे सांगितलेलं दिसलं नाही.

तयार टेम्प्लेटबद्दल बोलायलाच हवं. “ही पाचशे ओळींची रूल्स फाइल टाका, तुमचा एआय सीनियर इंजिनियर होईल” असं सांगणाऱ्यांपासून लांब राहा. त्या फाइलीत ‘स्वच्छ कोड लिही’, ‘उत्तम पद्धती पाळ’ असली वाक्यं असतात. ती मॉडेलला आधीच ठाऊक आहेत, आणि तुमच्या प्रोजेक्टबद्दल त्यात एक अक्षर नसतं. शिवाय लांबीचीही किंमत मोजावी लागते. लांब मजकुराच्या मधोमध असलेली माहिती मॉडेलकडून सुरुवातीच्या आणि शेवटच्या माहितीपेक्षा जास्त हुकते, हे 2023 मध्येच संशोधकांनी दाखवून दिलं होतं. मॉडेलं तेव्हापासून सुधारली आहेत, पण फाइल जितकी फुगेल तितकी तुमची महत्त्वाची ओळ गर्दीत जाईल, हा माझा रोजचा अनुभव आहे. देवनागरी मजकुराला इंग्रजीपेक्षा साधारणपणे जास्त टोकन (मॉडेल मजकुराचे जे तुकडे करून वाचतं ते) लागतात, हेही ध्यानात असू द्या. मी सूचना इंग्रजीत लिहितो आणि धंद्यातले शब्द मराठीत, अर्थासह: उचल म्हणजे उत्पादकाने संस्थेकडून घेतलेली आगाऊ रक्कम, कपात म्हणजे बिलातून वळती होणारी रक्कम. असल्या दहा ओळी त्या पाचशे ओळींपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

मग फाइलमध्ये नेमकं काय हवं? जे कोड वाचून कळत नाही ते. कोणती लायब्ररी वापरली हे त्याला दिसतंच, पण ती का निवडली हे दिसत नाही. टेस्ट कशा चालवायच्या, कोणत्या टेबलाला हात लावायचा नाही आणि का, कोणता उपाय आधीच करून पाहिला आणि तो कशावरून फसला. निर्णय कारणांसह लिहून ठेवण्याची पद्धत एआयच्या आधीपासूनची आहे. मायकल नायगार्ड यांनी 2011 मध्ये आर्किटेक्चरच्या निर्णयांच्या छोट्या नोंदी ठेवण्याची रीत मांडली होती: परिस्थिती काय होती, काय ठरवलं, त्याचे परिणाम काय. आज एआयच्या मेमरीसाठी मला तीच सर्वात चांगली वाटते. निर्णयाची कारणं सहसा शिळी होत नाहीत. ‘सध्या अमुक मोड्यूल अर्धवट आहे’ अशा नोंदी मात्र आठवड्याभरात खोट्या ठरतात. त्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि रोज पुसून नव्याने लिहा, खाली जोडत जाऊ नका.

ही रोजची नोंद सेशन लांबण्याआधी लिहून घ्या. संभाषण कॉन्टेक्स्टच्या, म्हणजे मॉडेलला एका वेळी वाचता येणाऱ्या मजकुराच्या, मर्यादेजवळ गेलं की साधनं त्याचा सारांश करतात, आणि सारांशात काय टिकेल हे तुमच्या हातात राहत नाही. वर सांगितलेला ‘बहुधा’ तिथेही असाच गळतो.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मेमरी फाइलमधली सूचना म्हणजे विनंती असते. ‘मेन ब्रँचवर (कोडच्या मुख्य प्रतीत) पुश करू नकोस’ असं लिहून तुम्ही निर्धास्त झालात तर एक दिवस पस्तावाल. जे होताच कामा नये ते ब्रँच प्रोटेक्शनने, परवानग्यांनी, सीआयने (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासण्यांनी) अडवा. फाइलवर भिस्त ठेवायची ती सवयींपुरती.

एवढं सगळं वाचून दडपण आलं असेल तर उद्या फक्त एक करा: रिकामी फाइल उघडा आणि असिस्टंटला गेल्या काही दिवसांत जे पुन्हा पुन्हा सांगावं लागलं ते स्वतःच्या हाताने लिहा. पाच ओळी झाल्या तरी पुष्कळ. क्लॉड कोडमध्ये ‘इनिट’ ही आज्ञा देऊन तयार मसुदा मिळतो. तो जरूर घ्या, पण जी ओळ तुम्हाला स्वतःला समजावून सांगता येणार नाही ती काढून टाका. नवख्यांनी स्वतः लिहावं असा माझा आग्रह आहे, कारण ही फाइल लिहिताना प्रोजेक्ट तुमच्या डोक्यात बसतो. कारण माहीत नसेल तर सीनियरला विचारा. जो सीनियर “का” या प्रश्नाला बसून उत्तर देतो त्याला सोडू नका, मग तो एआय वापरत असो वा नसो. “एआयलाच विचार” म्हणून वाटेला लावणारा कितीही हुशार असला तरी तुमच्या पहिल्या वर्षात तुमच्या उपयोगाचा नाही.

सुरक्षेबाबत मात्र काटेकोर राहा. या फाइलमधला मजकूर सेशनबरोबर बाहेरच्या सर्व्हरवर जातो आणि गिटमध्ये कायमचा राहतो. पासवर्ड, एपीआय की, उत्पादकांचे खाते क्रमांक, आधार, यातलं काहीही त्यात नको, उदाहरणादाखलही नको. दुसऱ्याच्या रेपोतून आलेली रूल्स फाइल डोळे झाकून घेऊ नका. अशा फाइलींत डोळ्यांना न दिसणारी युनिकोड चिन्हं वापरून छुप्या सूचना पेरता येतात, हे 2025 मध्ये सुरक्षा संशोधकांनी दाखवलं आहे. आमच्याकडे मेमरी फाइलमधला बदल कोडसारखाच पुल रिक्वेस्टमधून (बदल मुख्य कोडात घेण्याच्या विनंतीतून) जातो आणि दुसऱ्या माणसाने वाचल्याशिवाय मर्ज होत नाही. रिव्ह्यू करणारा प्रत्येक नव्या ओळीखाली एकच प्रश्न लिहितो: हे कशावरून? ज्या ओळीला उत्तर मिळत नाही, तिच्यावर अंदाजाचा शिक्का बसतो. महिनाभरात तो अंदाज कोणी तपासला नाही, तर ओळ काढून टाकतो.