पांढरा झगा अंगावर घेण्याआधी

थुरिंगियाहून आलास, धाकटा आहेस, गढी थोरल्याला गेली. म्हणजे माझीच गत. बस इथे, पोरा. आपल्या ट्यूटॉनिक संघाच्या, म्हणजे लढवय्या धर्मबंधूंच्या, या मारीनबुर्ग किल्ल्यात आजारी बंधूंच्या दालनात पडलेल्या म्हाताऱ्याला बोलायला वेळच वेळ असतो.

संघात घेताना पाच गोष्टी विचारतील. दुसऱ्या एखाद्या संघाशी बांधलेला आहेस का? कुणा बाईला वचन दिलंयस का? लपवलेला आजार? डोक्यावर कर्ज? कुणाचा वेठबिगार? पाचही वेळा ‘नाही’ म्हणायचं, पण खरं असेल तरच. कर्ज असेल तर आधी फेडून ये. मागाहून उघड झालं तर हाकलून देतील. मग तू शपथ घ्यायची, आणि बदल्यात संघ कबूल करतो ते भाकर, पाणी आणि जुने कपडे. घाबरू नकोस, रविवार, मंगळवार आणि गुरुवार मांस असतं. सोमवार, बुधवार, शनिवार अंडी-चीज, शुक्रवारी उपास. एका वाडग्यात दोघे जेवतात, आणि जेवताना बोलायचं नाही, धर्मवाचन ऐकायचं. जोडीदार सावकाश खाणारा मिळाला तर नशीब समज.

लॅटिन येत नसेल तर लाजू नकोस. आपल्यासारख्यांनी प्रार्थनेच्या वेळी प्रभूची प्रार्थनाच मोजून म्हणायची. झोपायचं सगळ्यांनी एका दालनात, सदरा-विजार घालूनच, आणि दिवा रात्रभर जळता. पहिला आठवडा डोळा लागत नाही.

आता घोडा. हे नीट ऐक, कारण पोरं इथेच अडखळतात. तू घरून आणलेला घोडा तुझा राहत नाही. मी करडा घोडा आणला होता, शिंगरू असल्यापासून हातानं वाढवलेला. दुसऱ्याच वसंतात तो दुसऱ्या बंधूला दिला. बोलायची सोय नव्हती, नियमच तसा आहे. म्हणून पागेत जीव लावू नकोस. खरारा कर, खूर तपास, पण घोड्याला नाव देऊ नकोस. पेटीला कुलूप नाही, ढालीवर-खोगिरावर सोनं-चांदी नाही. परवानगीशिवाय पत्र धाडायचं नाही, आलेलं वाचायचं नाही. आई भेटायला आली तर तिचा मुकासुद्धा घ्यायचा नाही. ससाणा घरीच ठेवून ये. लांडगा, अस्वल मारायला हरकत नाही, पण हौसेसाठी नाही आणि शिकारी कुत्रे घेऊन तर नाहीच.

लिथुआनियावरच्या स्वारीला हिवाळ्यात निघतात, कारण दलदल गोठल्याशिवाय घोडा पुढे जात नाही. थंडी कमी पडली तर चिखल, बर्फ फार पडलं तर वाट बंद. दोन्ही वेळा परत फिरावं लागतं. घोड्याचा दाणा स्वतःच वाहून न्यायचा, वाटेत अरण्याशिवाय काही नाही. त्यांच्या राजाने, याग्येलोने, १३८६ मध्ये बाप्तिस्मा घेतला, म्हणजे तोही आता ख्रिस्तीच. तरी आम्ही जातोच आहोत. का, ते मला विचारू नकोस. मुख्य म्हणजे निशाण सोडून पळू नकोस. बाकी बहुतेक मोठ्या चुकांना प्रायश्चित्त आहे: वर्षभर झग्यावरच्या क्रूसाविना नोकरांबरोबर जमिनीवर बसून जेवायचं. पळालेल्याला तेवढंही नाही.

बंधू मेला की चाळीस दिवस त्याचं जेवण एका गरिबाला देतात. फाटकापाशी एक लंगडा बसतो. त्याला मी सांगून ठेवलंय, मंगळवार-गुरुवार चुकवू नकोस.