जामीन झाला, पण माणूस सुटला का? नव्या सहायक लोक अभिरक्षकांसाठी

लोक अभिरक्षक म्हणजे आरोपीला मोफत मिळणारा वकील. त्याचं कार्यालय म्हणजे मोफत विधी सेवेचं जुनं वकील-पॅनलच, फक्त पाटी नवी, असा समज बार रूममध्येही आढळतो. पॅनलवरचा वकील आपली प्रॅक्टिस सांभाळून मोफत केसेस घेतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०२२ च्या योजनेतला लोक अभिरक्षक मात्र पूर्णवेळ असतो. त्याचं काम फक्त फौजदारी आणि तेही आरोपीच्याच बाजूचं. खासगी वकीलपत्र घेता येत नाही. मुख्य पदासाठी किमान १० वर्षांचा फौजदारी अनुभव लागतो, सहायकासाठी ० ते ३ वर्षं चालतात. त्यामुळे नुकती सनद मिळालेली मुलं-मुली इथे येतात आणि थेट रिमांड कोर्टात उभी राहतात. उलटतपासाची तयारी करून आलेल्यांची थोडी निराशा होते, कारण सुरुवातीचं बहुतेक काम तारखा मोजण्याचं आणि कागद पुढे सरकवण्याचं असतं. अशिलाच्या दृष्टीने मात्र तेच सगळ्यात मोलाचं.

रिमांडला आरोपी कोर्टात आला की बोलायला पाच-दहा मिनिटं मिळतात. त्याआधी रिमांड रिपोर्ट वाचलेला हवा. शेजारी हवालदार उभा असतो, तेव्हा 'केलंस का?' हा प्रश्न तिथे विचारूच नका. दोन मिनिटं बाजूला बोलू द्यावं, अशी विनंती न्यायाधीशांना करा. विचारायचं ते असं: कुठून आणि किती वाजता उचललं, घरी कोणाला कळवलं, मारहाण झाली का, औषधं चालू आहेत का, आधीचा गुन्हा आहे का, वय किती. वयाबद्दल जरा जरी शंका आली तर शाळा सोडल्याचा दाखला मागवा आणि तो मुद्दा त्याच दिवशी कोर्टापुढे मांडा. अटकेची वेळ २४ तासांच्या हिशेबासाठी लागते. रिपोर्टमधली वेळ आणि घरच्यांनी सांगितलेली वेळ पुष्कळदा जुळत नाही. अटकेची कारणं लेखी, आरोपीला समजणाऱ्या भाषेत आणि रिमांडच्या किमान दोन तास आधी द्यायला हवीत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहीर शाह विरुद्ध महाराष्ट्र शासन या प्रकरणात म्हटलं आहे. मराठी न येणाऱ्या मजुराच्या हातात मराठी कागद असेल तर हरकत तिथेच घ्या आणि ती रोजनाम्यात (कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत) आली का ते पाहा. तोंडी हरकतीचा पुढे पुरावा राहत नाही.

नातेवाइकांना उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला पिटाळू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या माणसाला, तसंच महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अटच नाही. महाराष्ट्रातली वार्षिक ३ लाखांची मर्यादा यांपैकी कोणत्याच गटात न बसणाऱ्यांसाठी आहे.

आता तारखा. एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाली म्हणजे पोलीस कोठडी संपली, हे जुनं गणित सोडून द्या. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ नुसार १५ दिवसांची पीसीआर (पोलीस कोठडी) पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्यांनी मागता येते. हे अशिलाला आधीच सांगून ठेवा. पोलिसांनी दोषारोपपत्र मुदतीत दिलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. ही मुदत साध्या चोरीत ६० दिवस. मोजणी अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडपासून, आणि तो दिवस धरून. १ ऑगस्टला रिमांड झाली असेल तर २९ सप्टेंबर हा साठावा दिवस. ३० तारखेला कोर्ट उघडताच या जामिनाचा अर्ज हातात हवा. त्यावर दाखल केल्याची वेळ टाकून घ्या, कारण त्याच दुपारी दोषारोपपत्र येऊ शकतं. अर्ज आधी पडला असेल तर नंतर आलेल्या दोषारोपपत्राने हक्क जात नाही. मात्र आदेशाप्रमाणे जामीन मुदतीत भरला नाही, तर हातातला हक्क निसटतो. जास्तीत जास्त १० वर्षं शिक्षेच्या कलमांत सरकार पक्ष ९० दिवस म्हणेल. अशा कलमांतही मुदत ६० दिवसच, असं म्हणणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या राकेश कुमार पॉल निकालाचा आधार घेऊन अर्ज ६१व्या दिवशीच द्या. फेटाळला गेला तरी ९१वा दिवस आहेच.

खरी अडचण आदेशानंतर सुरू होते. '१५,००० रुपयांचा जातमुचलका (आरोपीचा स्वतःचा लेखी हमीबाँड) आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार' ही ओळ लिहायला सोपी आहे. बांधकामावरच्या परप्रांतीय मजुराला सातबारा किंवा पगारपत्रक असलेला जामीनदार कुठून मिळणार? रक्कम मोठी असेल तर ऐपतीचा दाखलाही मागतात. म्हणून जामीन अर्जातच पर्यायी विनंती घाला: जामीनदार मिळेपर्यंत काही आठवडे तात्पुरता रोख जामीन. गुन्हा जामीनपात्र असेल आणि माणूस आठवडाभरात जामीन देऊ शकला नसेल, तर त्याच संहितेच्या कलम ४७८ खाली तो निर्धन धरला जातो आणि जातमुचलक्यावरच सुटतो. तरीही असे लोक आत सापडतात, कारण कोणी अर्जच केलेला नसतो.

अजामीनपात्र गुन्ह्यात ३१ जानेवारी २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश जवळ ठेवा. जामीन होऊन ७ दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं. महिना उलटला तर कोर्ट स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं. अटी शिथिल करण्याच्या अर्जात कुटुंबाची स्थिती नेमकी लिहा. 'आरोपी गरीब आहे' एवढ्याने काही होत नाही. कमावणारं कोण, घर भाड्याचं की झोपडी, गावाकडे जमीन आहे की नाही, हे लागतं. केंद्राच्या गरीब कैदी साहाय्य योजनेतून कच्च्या कैद्याच्या (खटला अजून चालू असलेल्या कैद्याच्या) जामिनासाठी आर्थिक मदत मिळते. प्रस्ताव जिल्हा समितीपुढे जातो. अमली पदार्थ, मनी लाँडरिंग आणि भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यांना ती योजना लागू नाही, तेव्हा तिथे वेळ घालवू नका.

पैसे नाझरकडे (कोर्टाच्या रोखपालाकडे) भरले, बाँड झाला, तरी माणूस आतच राहतो असंही होतं. सुटकेच्या मेमोवरचं (कोर्टाने तुरुंगाला पाठवलेल्या सुटकेच्या पत्रावरचं) नाव आणि तुरुंगाच्या वॉरंटवरचं नाव वेगळं निघतं: एकीकडे 'पप्पू', दुसरीकडे आधारवरचं नाव. गुरनं (गुन्हा रजिस्टर नंबर) किंवा वर्ष चुकतं. दोषारोपपत्रात वाढलेलं कलम मेमोत येत नाही. मेमो शिरस्तेदारांच्या (कोर्टातल्या मुख्य कारकुनाच्या) टेबलावरून निघण्याआधी या चार गोष्टी वॉरंटशी ताडून पाहा. दुरुस्ती तिथे पाच मिनिटांत होते, तुरुंगातून परत आली तर दोन दिवस जातात. मेमो तुरुंग बंद होण्याच्या वेळेनंतर पोचला तर सुटका दुसऱ्या दिवसावर जाते, म्हणून शुक्रवारच्या बाँडची घाई सकाळीच करा.

दुसऱ्या दिवशी तुरुंगात फोन करून खात्री करा. 'दुसऱ्या गुन्ह्यात प्रॉडक्शन वॉरंट आहे', म्हणजे दुसऱ्या कोर्टाने त्याला हजर करायला सांगितलंय, असं उत्तर आलं, तर त्या कोर्टाचं नाव आणि पुढची तारीख फोनवरच लिहून घ्या. त्या केसमध्ये त्याला वकीलच नसण्याची शक्यता बरीच असते.