सायप्रिनस, रोहू, कटल्यासाठी रिग कुठली निवडायची आणि घरी कशी बांधायची

दुकानात तयार रिगची पाकिटं टांगलेली असतात, चार गळांची, सहा गळांची, स्प्रिंगवाली, आणि नवीन माणूस त्यातली जी जास्त भरगच्च दिसती ती उचलतो. पण रिग ठरते माशाच्या तोंडावरून आणि तळ्याच्या तळावरून. या दोन गोष्टी कळल्या की घरी बसून थोडक्या सामानात पाकिटातल्यापेक्षा चांगली रिग बांधता येती, आणि नेमकं हेच आपल्याकडं कुणी नीट सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय. रिग म्हणजे मेन दोरीच्या शेवटी शिसं, मणी, स्विव्हल (दोरीला पीळ पडू नये म्हणून लावायची फिरती कडी), छोटी दोरी, गळ आणि आमिष यांची जी जुळणी असती ती.

आधी मासा ओळखा

मांजरा, माजलगाव, येलदरी, निम्न तेरणा ही मोठी धरणं घ्या नाहीतर गावाशेजारचा पाझर तलाव घ्या, कार्पच्या जाती साधारण त्याच: कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस म्हणजे कॉमन कार्प आणि कुठं कुठं गवत्या म्हणजे ग्रास कार्प. कटल्याचं डोकं मोठं आणि तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरात पाण्यातले बारीक जीव गाळून खातो. मृगळ तळाशी चरतो. रोहूला मधल्या थरातला म्हणतात, पण एका जागी चारा पडायला लागला की तो पण खाली येऊन खातो. सायप्रिनस मूळचा आपला नाही, १९३९ मध्ये श्रीलंकेतून निलगिरीत आणला आणि १९५७ मध्ये बँकॉकहून त्याची दुसरी जात आली, तीच मग देशभर पसरली. त्याला ओठाजवळ मिशांच्या दोन जोड्या असतात, तोंड पुढं लांबवून तो तळातली माती आमिषासकट ओढतो आणि नको ते बाहेर टाकतो. लहान पोर चिंचोका तोंडात घोळवून थुंकतं ना, अगदी तसं. ही थुंकायची सवय ध्यानात ठेवा, पुढची हेअर रिग सगळी तिच्यावरच उभी आहे.

मग तळ बघा

आपल्याकडं बहुतेक तलावांच्या तळाला काळ्या मातीचा गाळ असतो. जड शिसं त्यात रुतून बसतं आणि आखूड दोरी असली तर गळ-आमिष पण त्याच्यासोबत खाली जातं, वर माणूस दोन-दोन तास रॉडच्या टोकाला बांधलेल्या घुंगराकडं बघत बसतो. म्हणून पहिल्यांदा गळ न लावता नुसतं शिसं फेका आणि हळूहळू ओढून घ्या. मुरूम किंवा दगड असला की रॉडच्या टोकाला कटकट जाणवती, गाळात शिसं जड होऊन सरकतं आणि शेवटी चिखल घेऊनच येतं, गवतात अडकून झटक्यानं सुटतं. मुरुमाचा पट्टा जिथं संपतो आणि गाळ सुरू होतो ती कड सापडली तर तिथंच बसा, मासे अशा कडेनं फिरतात.

याच्यापेक्षा चांगला उपाय एप्रिल-मे मध्ये करायचा. पाणी मागं सरलेलं असतं, लोकांनी गाळपेरा करून काकडी-टरबूज लावलेलं असतं, तेव्हा त्या उघड्या पात्रातनं एकदा चालत जाऊन या. बाभळीची खोडं कुठंयत, जुनी विहीर कुठंय, बुडालेला रस्ता कसा गेलाय याचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा, सोबत काठावरची एखादी कायमची खूण पण घ्या, पंपहाऊस म्हणा, देवळाचा कळस म्हणा. पाणी भरल्यावर हेच फोटो लय कामाला येतात, आणि बेशरमाच्या झुडपांची रांग जिथं पाण्याखाली गेलेली असती तिथं सायप्रिनस हमखास चरायला येतो.

सामान काय लागतं

मेन दोरी ०.३० ते ०.३५ मिलिमीटरची तंगूस म्हणजे नायलॉनची, खोडं जास्त असतील तर ०.३५ च घ्या. गळ ६ किंवा ८ नंबरचा, इथं नंबर वाढला की गळ लहान होतो हे नवीन लोकांनी ध्यानात ठेवावं. गळाची छोटी दोरी विणलेली म्हणजे ब्रेड असावी, ती मऊ असल्यानं माशाच्या तोंडाला खटकत नाही, फक्त ती मेन दोरीपेक्षा थोडी कमी ताकदीची ठेवा म्हणजे तुटलं तर गळाजवळ तुटंल. शिसं ४० ते ८० ग्रॅमपर्यंत दोन-तीन वजनांचं घ्या. रबरी किंवा प्लास्टिकचे मणी, स्विव्हल, एक पक्कड, आमिष ओवायची सुई एवढं झालं की बास. गळाची धार नखावर बघायची, टोक नखावर अलगद टेकवून सरकवलं तर ते रुतलं पाहिजे, घसरलं तर तो गळ वापरूच नका.

पहिली रिग: सरकतं शिसं

नवीन माणसानं सुरुवात इथनंच करावी. मेन दोरी शिशाच्या कडीतनं ओवा, मग मणी ओवा, मग स्विव्हल बांधा. स्विव्हलच्या दुसऱ्या कडीला २०-३० सेंटिमीटरची छोटी दोरी आणि तिच्या टोकाला गळ. मणी यासाठी की शिसं सरकत येऊन गाठीवर आदळू नये. स्विव्हलला साधी क्लिंच गाठ चालती: दोरी कडीतनं घ्या, स्वतःभोवती पाच-सहा वेढे द्या, टोक कडीजवळच्या फटीतनं आणि मग झालेल्या मोठ्या फासातनं काढा, थुंकी लावून ओली करा आणि सावकाश आवळा. कोरडी आवळली की तंगूस घासून तापती आणि तिथंच कमजोर होती, मोठा मासा सुटतो तो बहुतेक वेळा अशाच गाठीवर.

या रिगवर मासा आमिष घेऊन चालला तरी शिशाचं वजन त्याला लगेच लागत नाही, म्हणून बुजरा रोहू आणि मृगळ यांच्यासाठी ही बरी. आमिष कणकेचा गोळा किंवा गांडूळ. घुंगरू नुसतं थरथरलं तर हात लावू नका, दोरी सरळ ओढली गेली की मगच रॉड उचला.

दुसरी रिग: हेअर रिग

सायप्रिनससाठी माझ्या मते याच्यासारखी दुसरी रिग नाही. १९८० च्या आसपास इंग्लंडमध्ये लेन मिडलटन आणि केविन मॅडॉक्स यांनी ही काढली, सुरुवातीला खरोखरचा माणसाचा केस वापरून, म्हणून नाव हेअर. यात आमिष गळावर नसतंच, ते गळाच्या मागं बारीक दोरीवर लोंबतं, तिलाच केस म्हणायचं, आणि गळ पूर्ण उघडा राहतो. सायप्रिनस आमिष ओढतो, त्याच्यामागं गळ पण तोंडात जातो, खटकलं म्हणून तो थुंकायला जातो आणि तेवढ्यात उघडं टोक खालच्या ओठात शिरतं.

बांधायची अशी. ब्रेडचा साधारण ३५ सेंटिमीटरचा तुकडा कापा आणि एका टोकाला छोटा फास बांधा. उकडलेल्या मक्याचे दोन-तीन दाणे सुईत ओवा, सुईचं टोक फासात अडकवा, दाणे फासावर सरकवा आणि ते निसटू नयेत म्हणून फासात गवताची छोटी काडी आडवी घाला. आता दोरीचं मोकळं टोक गळाच्या डोळ्यातनं, म्हणजे दांड्याच्या वरच्या भोकातनं, पाठीकडनं, म्हणजे गळाच्या अणकुचीच्या उलट्या बाजूनं घाला आणि दाणे गळाच्या वाकाच्या खाली अर्धा ते एक सेंटिमीटर लोंबतील एवढं ओढा. केसाची दोरी गळाच्या दांड्याला अंगठ्यानं दाबून धरा आणि मोकळ्या टोकानं दांड्यावर, दोरीसकट, खाली वाकाच्या दिशेनं सात-आठ वेढे एकाला एक चिकटून द्या. मग तेच टोक परत डोळ्यातनं, परत पाठीकडनंच घालून गळाच्या अणकुचीच्या बाजूला बाहेर काढा, ओलं करा आणि आवळा. शेवटचं घालणं उलट्या बाजूनं झालं तर दोरी ताणल्यावर गळ ओठाकडं वळतच नाही, बाकी सगळं बरोबर असून मासा लागत नाही, म्हणून ही एक पायरी दोनदा बघा. गाठ बरोबर आली का ते तळहातावर कळतं: बांधलेली रिग तळहातावर ठेवून दोरी हळू ओढा, गळ आपोआप वळून टोक कातडीत रुतू पाहतं.

या रिगला शिसं ६० ते ८० ग्रॅमचं लागतं आणि छोटी दोरी १५ ते २० सेंटिमीटरच. माशाला टोचलं की तो पळतो आणि जड शिशाच्या झटक्यानं गळ नीट बसतो, अशा जुळणीला बोल्ट रिग म्हणतात. पण शिसं कधीच पक्कं बांधू नका. लेड क्लिपवर, म्हणजे शिसं अडकवायच्या प्लास्टिकच्या चिमट्यावर, असं बसवा की खोडात अडकलं तर निसटून पडंल, कारण मेन दोरी तुटली आणि शिसं तसंच राहिलं तर तो मासा बाभळीच्या खोडाला बांधल्यासारखा अडकून मरतो, आणि ते आपल्याला दिसत पण नाही.

गाळ जास्त असला तर याच्यात थोडा बदल करा. शिसं ४० ग्रॅमवर आणा, दोरी २५-३० सेंटिमीटर करा आणि मक्याच्या दाण्यासोबत केसावर ज्वारीच्या चिपाडाच्या आतला पांढरा भेंड बारीक कापून ओवा. भेंडानं दाणे थोडे उचलले जातात, आमिष गाळावर अलगद टेकलेलं राहतं, आत घुसत नाही. किती भेंड लावायचा ते घरीच बादलीत पाणी भरून बघा: गळ तळाला टेकला पाहिजे आणि दाणे त्याच्यावर डुलत उभे राहिले पाहिजेत, गळासकट सगळंच वर यायला लागलं तर भेंड कापून कमी करा. भेंड पाणी पिऊन जड होतो, म्हणून दर फेकीला नवा तुकडा.

स्प्रिंग आणि कटल्याचा फ्लोट

स्प्रिंगभोवती पेंडीचा गोळा आणि त्यात चार-सहा गळ खुपसलेले, ही रिग आपल्याकडं सगळ्यात जास्त चालती आणि मासे देती पण. तरी मी दोनच्या वर गळ लावू नका म्हणीन. एक गळ तोंडात आणि बाकीचे पोटाला, डोळ्याला रुततात, वर काढताना उरलेला एखादा आपल्याच हातात घुसतो.

कटल्याला तळाची रिग फारशी कामाची नाही. फ्लोट म्हणजे पाण्यावर तरंगणारा बोंडा घ्या, पाणी खोल असलं तर सरकता फ्लोट घ्या, मेन दोरीवर शिवायच्या दोऱ्याची गाठ मारून तिथं तो अडंल असं करा आणि गळ पृष्ठभागापासून दोन-तीन फुटांवर ठेवून सुरुवात करा. आमिष मऊ आणि पाण्यात विरघळणारं, भाजलेल्या बेसनात पेंड आणि थोडा गूळ कालवून. मासा लागंना तर अर्धा-अर्धा फूट खाली जात राहा.

चारा

मका २४ तास भिजवून मग अर्धा तास उकडा, दाणा फुगून नखानं दबला पाहिजे. कोरडं धान्य पाण्यात टाकू नका, ते माशाच्या पोटात फुगतं. मक्याचा भरडा, शेंगदाण्याची पेंड आणि गुळाचं पाणी कालवून लिंबाएवढे गोळे करा, पाच-सहा गोळे एकाच जागी टाका आणि रिग पण तिथंच पडली पाहिजे. एकाच ठिकाणी फेक जावी म्हणून समोरच्या काठावरचं एखादं झाड धरा आणि अंतर जमलं की दोरी रीळच्या क्लिपमध्ये अडकवून ठेवा, मासा लागायच्या आधी मात्र ती सोडायला विसरू नका.

टाकण्याआधी आणि मासा लागल्यावर

रीळचा ड्रॅग, म्हणजे दोरी किती ताणल्यावर सुटंल ते ठरवणारा ब्रेक, असा ठेवा की हातानं जोर लावून ओढलं तर दोरी सुटंल, घट्ट ठेवला तर सायप्रिनस रॉडच पाण्यात घेऊन जातो. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाका, मासा सोडायचा असंल तर त्याच्या तोंडाला इजा कमी होती. मासा काठावर घेताना खाली ओलं गोणपाट अंथरा, मे महिन्यात काठाचे दगड एवढे तापलेले असतात की माशाचं अंग भाजतं. हात ओले करून धरा. पहिल्या पुरात नाल्याच्या तोंडाशी अंड्यांनी भरलेले मासे चढतात, तिथं गळ टाकूच नये असं मला मनापासून वाटतं.

परवानगीचं पण बघा. मोठ्या तलावांत मासेमारीचा हक्क सहकारी संस्थेकडं किंवा ठेकेदाराकडं असतो, जाळी टाकणाऱ्या माणसाला “मामा, इथं गळ टाकला तर चालंल का, कुणाला विचारू?” एवढं विचारलं तरी पुढचा वाद टळतो आणि वर मासा कुठं चरायलाय ते पण कळतं. पैठणचा नाथसागर पक्षी अभयारण्य आहे, तिथं वन विभागाला विचारल्याशिवाय बसू नका.

रिग बरोबर बांधूनही मासा लागत नसंल तर एका वेळी एकच गोष्ट बदला. घुंगरू सारखं वाजतंय पण मासा लागंना तर केस अर्धा सेंटिमीटर कमी करा. दाणे गायब आणि गळ रिकामा येतोय तर बारीक मासे खायलेत, हरभरा उकडून लावा, तो कडक राहतो. मासा लागून अर्ध्यात सुटतोय तर गळाची धार बघा आणि एक नंबर मोठा लावा. तासभर काहीच नाही तर रिग वर घ्या, गळाला चिखल लागलाय का बघा आणि लागला असंल तर शिसं हलकं करून दोरी लांबवा.