‘प्रिव्हिलेज’ वापरताना या चुका टाळा

नौपाड्यात मी इंग्रजीचा क्लास घेते. ‘प्रिव्हिलेज म्हणजे विशेषाधिकार’ एवढं पाठ करून आलेली मुलं दर बॅचला असतात आणि पहिल्याच वाक्यात अडकतात. शब्द येतो, पण त्याच्याबरोबर कोणतं क्रियापद लावायचं हे कुणी सांगितलेलं नसतं.

सगळ्यात महागात पडते ती ‘टेक’ची चूक. ऐरोलीला आयटीत काम करणारा माझा एक विद्यार्थी एकदा फोन पुढे धरून दारातच उभा राहिला. क्लायंटला त्याने लिहिलं होतं, ‘आय टुक द प्रिव्हिलेज ऑफ चेंजिंग द डेट.’ उत्तर एका ओळीचं: हा अधिकार तुम्हाला कुणी दिला? सीसीमध्ये त्याचे साहेब. बिचाऱ्याला म्हणायचं होतं, ‘न विचारता तारीख बदलली, चालेल ना?’ तिथे ‘टेक द लिबर्टी ऑफ’ हवं होतं. प्रिव्हिलेज आपला आपण घेता येत नाही, तो कुणीतरी देतं. म्हणून देताना ‘ग्रँट’, मिळाल्यावर ‘हॅव’ किंवा ‘एन्जॉय’, काढून घेतला तर ‘रिव्होक’, गैरवापर केला तर ‘अब्यूज’. माफीचा मेल आम्ही तिथेच बसून लिहिला.

तेव्हापासून वहीत सुटा शब्द लिहू देत नाही. आधी क्रियापद लाल पेनाने, मग शब्द, खाली स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य. अ‍ॅपवर रोज पन्नास शब्द उरकणाऱ्यांना हे संथ वाटतं. वाटू दे. ते पन्नास शब्द मेल लिहायला बसलं की एकही मदतीला येत नाही.

पेपरातल्या ‘हक्कभंगा’चं भाषांतर ‘ब्रेकिंग ऑफ राइट्स’ करू नका. ते ‘ब्रीच ऑफ प्रिव्हिलेज’. राइट्स सगळ्या नागरिकांचे. हे विशेषाधिकार सभागृहाचे आणि सदस्यांचे, संसदेसाठी घटनेच्या कलम १०५ मध्ये, विधिमंडळासाठी १९४ मध्ये. हक्कभंगाचा प्रस्ताव मांडतात, त्याला क्रियापद ‘मूव्ह’.

‘इट इज अ प्रिव्हिलेज टु मीट यू’ बरोबर, पण ‘आय हॅड द प्रिव्हिलेज’नंतर ‘ऑफ मीटिंग’. कॉम्प्युटरवर ‘अ‍ॅडमिन प्रिव्हिलेजेस’, अनेकवचनी. स्पेलिंगमध्ये ‘जी’च्या आधी ‘डी’ घुसवू नका. ‘अंडरप्रिव्हिलेज्ड’च्या (म्हणजे वंचित) शेवटचा ‘डी’ मात्र विसरू नका.

‘मग टेक प्रिव्हिलेज लीव्ह कसं चालतं?’ असं कुणीतरी विचारतंच. तिथे ‘टेक’ लागतं ते ‘लीव्ह’ला. घेतोय ती रजा.