कोल्हापूर ते नागपूर: हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ हाताने कसा काढावा

आधी दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. विमानतळाचेच घ्या, शहराचे नकोत. कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ साधारण १६.६६ उत्तर, ७४.२९ पूर्व, नागपूरचा सोनेगाव विमानतळ २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व.

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. नकाशावर १६ अंश ४० मिनिटं लिहिलेलं असतं आणि घाईत माणूस ते १६.४० म्हणून मांडतो. अंशात ६० मिनिटं असतात, म्हणून ४० ला ६० ने भागायचं: १६.६७ येतात. ही एक चूक केली की जागा सुमारे ३० किलोमीटर दक्षिणेला सरकते आणि पुढचं सगळं गणित बिघडतं.

आता वजाबाकी. अक्षांशांतला फरक ४.४३. एका अंशाचे १११ किमी धरले तर उत्तर-दक्षिण अंतर ४९२ किमी. रेखांशांतला फरक ४.७६, पण रेखांश ध्रुवाकडे एकमेकांजवळ येत जातात, त्यामुळे नुसतं १११ ने गुणून चालत नाही. दोन्ही अक्षांशांचा मध्य १८.९ येतो, त्याचा कोसाइन ०.९४६. म्हणजे ४.७६ × १११ × ०.९४६ = ५०० किमी. ही पायरी गाळली तर ५२८ येतात, आणि एकूण अंतर २० किमीने फुगतं.

पुढे पायथागोरस: ४९२ आणि ५०० यांच्या वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ. उत्तर सुमारे ७०० किमी, म्हणजे ३७८ नॉटिकल मैल. वैमानिकांचे मैल १.८५२ किमीचे असतात, रस्त्यावरच्या १.६०९ च्या मैलाशी गल्लत नको. राज्याच्या आतल्या अंतरांना ही रीत पुरते. हजार किमीच्या पुढे मात्र गोलाकार पृथ्वीचं सूत्रच वापरावं.

वेळ काढताना ७०० ला वेगाने भागून थांबू नका. विमान ठरलेल्या हवाई मार्गाने जातं, म्हणून ५ टक्के वाढवून ७३५ किमी धरा. एम्ब्रेअर १७५ सारखं जेट ताशी ७८० ने ते ५७ मिनिटांत कापतं. टॅक्सी (विमानाचं जमिनीवरून धावपट्टीपर्यंत चालत जाणं-येणं), चढण, उतरण आणि धावपट्टीसमोरची रांग यांची ३० मिनिटं मिळवा: साधारण १ तास २५ मिनिटं. पंख्यांचं एटीआर ७२ ताशी ५०० धरलं तर ८८ मिनिटं अधिक २५, म्हणजे १ तास ५५ च्या आसपास. म्हणून तिकीट काढताना विमानाचा प्रकार जरूर बघा, त्याने अर्धा तास इकडचा तिकडे होतो.

तिकिटावरची वेळ जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते. चाकं जमिनीवरून सुटलेला काळ त्याहून कमीच.

वाऱ्याचाही हिशेब आहे. हिवाळ्यात वरच्या थरात पश्चिमी वारे जोरात असतात. नागपूर कोल्हापूरहून ईशान्येला, त्यामुळे ताशी ८० च्या वाऱ्यातले जवळपास ५७ मागून मिळतात, येताना तेवढेच समोरून येतात. जेटला जाता-येता सुमारे ८ मिनिटांचा फरक पडतो.

थेट विमान नसेल त्या दिवशी मुंबईवरून हिशेब करा: कोल्हापूर–मुंबई ३१०, मुंबई–नागपूर ६८०, मिळून ९९० किमी. यात दोनदा टॅक्सी आणि दोनदा चढण-उतरण, म्हणून ती ३० मिनिटं दोनदा धरा आणि मधला थांबा वेगळा मिळवा.